लात्वियन आणि जर्मन यांची तुलना कशी करावी: मराठी भाषकांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

पुण्या-मुंबईतल्या मॅक्स म्युलर भवनात किंवा पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात ज्यांनी थोडीफार जर्मन शिकलेली आहे आणि आता शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी ज्यांना लात्वियाची राजधानी रीगा येथे जायचे आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. रीगा तांत्रिक विद्यापीठ आणि रीगा स्त्राद्यिन्श विद्यापीठ येथे भारतीय विद्यार्थी आता बरेच असतात, आणि तेथे पोचल्यावर अनेकांना वाटते की लात्वियन ही जर्मनची किंवा रशियनची एखादी बोली असावी. हा समज पहिल्याच दिवशी सोडून द्यावा. लात्वियन ही स्वतंत्र भाषा आहे. तिच्या रोजच्या शब्दसंग्रहात जर्मन पावलोपावली भेटते हे खरे, पण वाक्याच्या घडणीत ती अनेकदा जर्मनपेक्षा मराठीच्या जवळ जाते. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की मराठी माणसाने ही तुलना दोन भाषांची न ठेवता तिन्ही भाषांची करावी. तशी केल्यास श्रम निम्मे होतात.

लिप्यंतराबद्दल एक सूचना आधीच देतो. या लेखात लात्वियन शब्दांच्या शेवटचा अकार संस्कृतप्रमाणे पूर्ण उच्चारावा, आणि जेथे शेवटी व्यंजन आहे तेथे पाय मोडलेला आहे. इंग्रजी ‘झेड’चा जो उच्चार आपण करतो, त्यासाठी ‘झ’ हे अक्षर वापरले आहे.

पहिली पायरी: नाते आणि शेजार वेगळे ठेवा

तुलनेला बसण्यापूर्वी दोन प्रश्न वेगळे करावेत: या भाषा एका कुळातल्या आहेत का, आणि त्या एकमेकींच्या सहवासात राहिल्या आहेत का? दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘होय’ असे आहे, पण त्यांची कारणे आणि काळ निराळे आहेत.

जर्मन, लात्वियन आणि मराठी या तिन्ही इंडो-युरोपीय कुळातल्या. जर्मन ही जर्मानिक शाखेची, मराठी इंडो-आर्य शाखेची आणि लात्वियन बाल्टिक शाखेची. बाल्टिक शाखेतल्या आज बोलल्या जाणाऱ्या भाषा दोनच उरल्या आहेत, लात्वियन आणि लिथुएनियन. त्यांची तिसरी बहीण जुनी प्रशियन अठराव्या शतकात लोपली. जर्मन मातृभाषा असणाऱ्यांची संख्या नऊ ते दहा कोटींच्या घरात आहे, तर लात्वियन मातृभाषा असणारे सुमारे पंधरा लाख. लात्वियन ही लात्वियाची एकमेव राजभाषा आहे आणि 2004 पासून युरोपीय संघाचीही अधिकृत भाषा आहे.

शेजाराची गोष्ट बरीच अलीकडची. 1201 साली आल्बर्ट या जर्मन बिशपने रीगा शहर वसवले, आणि 1282 मध्ये ते हान्सा या उत्तर जर्मन शहरांच्या व्यापारी संघात सामील झाले. त्यानंतर पोलंड, स्वीडन, रशिया अशा सत्ता बदलत गेल्या, तरी शहरातला व्यापार, चर्च आणि खेड्यातली जमीनदारी ही शतकानुशतके बाल्टिक जर्मनांच्या, म्हणजे तेथे स्थायिक झालेल्या जर्मन लोकांच्या, हाती राहिली. लात्वियन भाषेचे सुरुवातीचे छापील ग्रंथही बहुतांशी जर्मन पाद्र्यांनी तयार केले. 1586 मध्ये जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याची धर्मशिक्षणाची लघुप्रश्नोत्तरी लात्वियनमध्ये छापली गेली, आणि एर्न्स्ट ग्लूक या जर्मन पाद्र्याने केलेला संपूर्ण बायबलचा अनुवाद 1694 मध्ये छापून पूर्ण झाला. जर्मन विचारवंत योहान गॉटफ्रीड हेर्डर 1764 ते 1769 या काळात रीगात शिक्षक होता. पुढे 1778-79 मध्ये त्याने प्रसिद्ध केलेल्या लोकगीतांच्या संग्रहात लात्वियन गीते आहेत. हा इतिहास ठाऊक असला म्हणजे कोणता शब्द कोठून आला याचा अंदाज बांधणे सोपे जाते.

दुसरी पायरी: अक्षरे आणि उच्चार यांचा ताळमेळ लावा

नवशिक्यांची सर्वांत जास्त गडबड येथे होते, म्हणून या पायरीवर घाई करू नये. लात्वियन वर्णमालेत 33 अक्षरे आहेत. दीर्घ स्वरावर आडवी रेघ असते, ‘श’सारख्या ध्वनीसाठी अक्षरावर पाचराची खूण असते, आणि मृदू तालव्य व्यंजनासाठी अक्षराखाली स्वल्पविरामासारखी खूण असते. ही व्यवस्था फार जुनी नाही. पूर्वी लात्वियन मजकूर जर्मन पद्धतीच्या गॉथिक अक्षरांत छापला जाई. ‘श’ लिहायला जर्मनप्रमाणे एस, सी, एच अशी तीन अक्षरे लागत आणि स्वर दीर्घ आहे हे दाखवायला त्याच्यापुढे एच जोडत. 1908 मध्ये भाषापंडितांच्या समितीने नवी लेखनपद्धती सुचवली आणि 1922 मध्ये तिला सरकारी मान्यता मिळाली. त्यामुळे 1822 साली सुरू झालेल्या ‘लात्विएशु आवीझेस्’ या वृत्तपत्राचा जुना अंक हाती आला, तर पहिल्या नजरेला तो जर्मनच वाटतो.

उच्चारात मराठी माणसाजवळ मोठे भांडवल आहे. ‘चार’मधला च आणि ‘चोर’मधला च हा भेद आपल्या जिभेवर लहानपणापासून असतो. लात्वियनमध्ये ‘चोर’मधल्या च साठी साधा सी लिहितात आणि ‘चार’मधल्या च साठी त्याच सी वर पाचराची खूण देतात. जर्मनमध्ये ‘चोर’मधला च हा झेड या अक्षराने दाखवतात, आणि ‘चार’मधल्या च साठी टी, एस, सी, एच अशी चार अक्षरे मांडतात, ‘डॉइच’ या शब्दाच्या शेवटी ती दिसतात. म्हणजे ध्वनी दोन्ही भाषांत तेच, पण लेखन वेगळे. झेड हे अक्षर दिसले की जर्मन शिकलेल्याच्या तोंडून ‘त्स’ बाहेर पडते, आणि लात्वियनमध्ये ते चुकीचे ठरते. सूपचेच उदाहरण घ्यावे. लात्वियन ‘झुप’ झेडने लिहितात, जर्मन ‘झुपे’ एसने लिहितात, आणि ऐकायला मात्र सुरुवात अगदी एकसारखी येते.

त आणि द यांच्या बाबतीतही असेच आहे. लात्वियन त, द हे आपल्या ‘तवा’, ‘दार’ यांतल्यासारखे दंत्य आहेत आणि क, त, प हे अल्पप्राण आहेत. जर्मन ट हा दातांच्या मागून, हिरडीवरून येतो आणि शब्दारंभी त्याच्यासोबत श्वासाचा झोत असतो. जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटी ग, ड, ब कठोर होतात, म्हणून ‘कुत्रा’ या अर्थाचा शब्द डी ने लिहिला तरी ‘हुंट’ असा ऐकू येतो. लात्वियनमध्ये मराठीप्रमाणे शेवटचे मृदू व्यंजन सामान्यतः मृदूच राहते.

स्वरांची लांबी मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावी. ‘कझस्’ म्हणजे शेळ्या आणि ‘काझस्’ म्हणजे लग्न. जर्मनमध्येही ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलतो, पण तेथे लांबी पुढच्या व्यंजनावरून, जोडस्वरावरून किंवा मध्ये आलेल्या एचवरून ओळखावी लागते. लात्वियन ती थेट रेघेने दाखवते, आणि म्हणूनच टंकलेखनात रेघा गाळण्याची सवय पहिल्यापासून लावून घेऊ नये. आणखी एक गोष्ट: मूळच्या लात्वियन शब्दांत ओ हे अक्षर ‘उओ’ असे उच्चारतात, त्यामुळे अंड्याला ‘ओल’ नव्हे तर ‘उओल’ म्हणावे. आघात, म्हणजे उच्चारातला जोर, जवळजवळ नेहमी शब्दाच्या पहिल्या अक्षरावर असतो. जर्मनमधले ‘बे’, ‘गे’, ‘फेर’ असे निराघात उपसर्ग ज्यांच्या कानात बसले आहेत, त्यांना या नियमितपणामुळे हायसे वाटेल.

तिसरी पायरी: शब्दांचे तीन रकाने करा

एका वहीत तीन रकाने आखावेत: वारशाने आलेले शब्द, उसने घेतलेले शब्द आणि योगायोगाने सारखे दिसणारे शब्द. प्रत्येक सारखा शब्द यांपैकी कोणत्या तरी एका रकान्यात बसवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पहिला रकाना मराठी वाचकाला सर्वांत आनंद देणारा आहे. कुत्र्याला लात्वियनमध्ये ‘सुन्स्’, जर्मनमध्ये ‘हुंट’ आणि संस्कृतात ‘श्वान’ म्हणतात. शंभराला ‘सिम्त्स्’, ‘हुंडर्ट’ आणि ‘शत’. या दोन्ही ओळी एकाखाली एक लिहिल्या की नियम आपोआप दिसतो: जेथे लात्वियनमध्ये स आहे, तेथे संस्कृतात श आणि जर्मनमध्ये ह. मूळ भाषेतल्या एका तालव्य क-काराचे बाल्टिक आणि इंडो-आर्य शाखांत श, स यांसारखे ऊष्म व्यंजन झाले, तर जर्मानिक शाखेत तो क-कार राहून पुढे त्याचा ह झाला. हंसाकडेही पाहावे: लात्वियन ‘झुओस्’ आणि जर्मन ‘गान्स’, दोन्हींचा अर्थ आज बदक जातीतला पाळीव हंस. ‘जाणणे’ याला लात्वियनमध्ये ‘झिनात्’ आणि जर्मनमध्ये ‘केनन’. दाराला ‘दुर्विस्’ आणि ‘ट्युर’. ‘तू’ तर तिन्ही भाषांत ओळखीचा: ‘तु’, ‘दू’, ‘तू’. असे शब्द दिसायला सारखे असतीलच असे नाही. ते नियमाने जुळतात, आणि हीच त्यांची खूण आहे.

दुसऱ्या रकान्यातले शब्द उलट दिसायला फार सारखे असतात, आणि ते शहर, शाळा, स्वयंपाकघर, बांधकाम अशा व्यवहाराच्या क्षेत्रांतले असतात. तासाला लात्वियनमध्ये ‘स्तुंद’ म्हणतात, जर्मनमध्ये ‘श्टुंडे’. डॉक्टर ‘आर्स्त्स्’, जर्मनमध्ये ‘आर्त्स्ट’. शाळा ‘स्कुओल’, जर्मनमध्ये ‘शूले’. पेल्याला ‘ग्लाझे’, बटाट्याला ‘कर्तुपेलिस्’. जुन्या लात्वियनमध्ये फ हा ध्वनी नसल्यामुळे जर्मन ‘कार्टोफेल’मधल्या फ च्या जागी प आला आहे. ‘आणि’ या अर्थाचे ‘उन्’ हे अव्ययसुद्धा याच वाटेने आलेले आहे, आणि अव्ययासारखा शब्द उसना घेतला जाणे यावरून हा सहवास किती खोलवर होता ते कळते.

येथे एक बारकावा लक्षात ठेवावा. हान्साच्या व्यापाऱ्यांची भाषा आजची प्रमाण जर्मन नव्हती, ती उत्तरेकडची मध्यकालीन निम्न जर्मन होती. म्हणून ‘स्कुओल’मध्ये ‘स्क’ टिकून आहे आणि प्रमाण जर्मनमध्ये तेथे ‘श’ आहे; ‘वाईट’ या अर्थाच्या ‘स्लिक्त्स्’मध्ये ‘स्ल’ आहे आणि जर्मन ‘श्लेश्ट’मध्ये ‘श्ल’. न्याहारीला लात्वियनमध्ये ‘ब्रुओकस्तिस्’ म्हणतात. आजच्या जर्मन ‘फ्र्युश्ट्युक’शी तो जुळत नाही, कारण तो निम्न जर्मनच्या ‘व्रोकोस्ट’, म्हणजे सकाळचे अन्न, या शब्दावरून आलेला आहे.

तिसरा रकाना सावधगिरीचा. लात्वियनमध्ये ‘एस्’ म्हणजे ‘मी’, जर्मनमध्ये ‘एस’ म्हणजे ‘ते’. लात्वियन ‘मन्’ म्हणजे ‘मला’, जर्मन ‘मान’ म्हणजे ‘कोणीही माणूस’. लात्वियन ‘या’ म्हणजे ‘होय’, जर्मनप्रमाणेच. पण त्यावरची रेघ गाळली की उरतो ‘य’ आणि त्याचा अर्थ होतो ‘जर’. मराठीशीही असे योगायोग आहेत. घराला लात्वियनमध्ये ‘माय’ म्हणतात, आणि आपल्या माय या शब्दाशी त्याचा काहीही संबंध नाही.

चौथी पायरी: नाम, लिंग आणि विभक्ती

जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत, मराठीतही तीन. लात्वियनमध्ये दोनच, पुल्लिंग आणि स्त्रीलिंग. शिवाय लात्वियन नामाच्या शेवटावरून लिंग बहुधा कळते: अंती स् किंवा श् असेल तर सहसा पुल्लिंग, अ किंवा ए असेल तर सहसा स्त्रीलिंग. जर्मन नामासोबत ‘देर, दी, दास’ ही उपपदे पाठ करण्याचे जे कष्ट घ्यावे लागतात, ते येथे बरेचसे वाचतात. लात्वियनमध्ये उपपद नाहीच.

विभक्तीच्या बाबतीत मात्र हिशेब उलटा आहे. जर्मनमध्ये चार विभक्ती, आणि त्या बहुतेक उपपदावर दिसतात. लात्वियनच्या शालेय व्याकरणात सात सांगतात, आणि त्या नामाच्या शेवटावर दिसतात. ‘माय’ हा शब्द चालवून पाहावा: ‘माय’ म्हणजे घर, ‘मायस्’ घराचे, ‘मायइ’ घराला, ‘मायु’ कर्म म्हणून घर, आणि ‘माया’ घरात. मराठी शाळेत ज्यांनी विभक्तीचे तक्ते लिहिले आहेत त्यांना हे परके वाटणार नाही. सप्तमीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण जर्मनमध्ये जेथे ‘इन’ हे शब्दयोगी अव्यय लागते, तेथे लात्वियन केवळ शेवटचा स्वर दीर्घ करते. शहराचे नाव प्रथमेत ‘रीग’ आहे. ‘रीगा’ म्हटले की अर्थ होतो ‘रीगामध्ये’. आपण मराठीत जे नाव वापरतो ते लात्वियन कानाला सप्तमीसारखे ऐकू येते.

षष्ठीचा क्रमही तपासून पाहावा. ‘भावाचे घर’ याला लात्वियनमध्ये ‘ब्राल्य माय’ म्हणतात, म्हणजे मराठीप्रमाणेच आधी भाऊ आणि मग घर. जर्मनमध्ये क्रम उलटा होतो: ‘दास हाउस देस ब्रूडर्स’.

विशेषणाच्या बाबतीत मात्र लात्वियन आणि जर्मन एकत्र येतात आणि मराठी बाजूला राहते. ‘एक मोठे घर’ याला लात्वियनमध्ये ‘लिएल्स् नम्स्’ आणि ‘ते ठरावीक मोठे घर’ याला ‘लिएलइस् नम्स्’ म्हणतात (‘नम्स्’ हा घरासाठीचा दुसरा, पुल्लिंगी शब्द). जर्मनमध्येही ‘आइन ग्रोसेस हाउस’ आणि ‘दास ग्रोसे हाउस’ असा विशेषणाचा शेवट बदलतो. लात्वियनला उपपद नसल्यामुळे निश्चितता दाखवण्याचा भार तेथे एकट्या विशेषणावर पडतो, एवढा फरक आहे.

पाचवी पायरी: ‘मला’ने सुरू होणारी वाक्ये

या पायरीवर जर्मन थोडा वेळ बाजूला ठेवावी आणि मराठीचे बोट धरावे. ‘मला दोन मुले आहेत’ याचे लात्वियन भाषांतर ‘मन् इर् दिवि बेर्नि’ असे होते. शब्दशः ‘मला आहेत दोन मुले’. जर्मनला येथे ‘हाबन’ हे क्रियापद लागते: ‘इश हाबे त्स्वाय किंडर’. लात्वियनमध्ये मालकी सांगताना असे क्रियापद वापरत नाहीत. ‘मला आवडते’ याला ‘मन् पतीक्’ म्हणतात, आणि आवडणारी वस्तू मराठीप्रमाणेच प्रथमेत राहते. (जर्मनमध्ये ‘मिर गेफेल्ट’ हा असाच प्रयोग आहे, पण त्याच्या जोडीला ‘इश माग’ही सर्रास चालते.)

त्याहून सुंदर प्रयोग कर्तव्य सांगण्याचा आहे. क्रियापदाला ‘या’ हा उपसर्ग लावला की ‘करावे लागणे’ हा अर्थ येतो, आणि कर्ता चतुर्थीत जातो. ‘मन् याइएत्’ म्हणजे ‘मला जावे लागते’. ‘मन् यालस ग्रामत’ म्हणजे ‘मला पुस्तक वाचायचे आहे’, आणि येथे ‘ग्रामत’ हे पुस्तक द्वितीयेत न जाता प्रथमेतच राहते, जसे मराठीत ‘मला पुस्तक वाचायचे आहे’ आणि ‘मला कादंबरी वाचायची आहे’ यांत क्रियापद वस्तूप्रमाणे बदलते. जर्मन ‘इश मुस’ म्हणून मोकळी होते. तेथे कर्ता प्रथमेत आणि पुस्तक द्वितीयेत.

ऐकीव माहिती सांगण्याची पद्धत तिन्ही भाषांत आहे, हेही नमूद करण्यासारखे. ‘तो आजारी आहे म्हणे’ हे लात्वियनमध्ये ‘विञ्श् एसुओत् स्लिम्स्’ असे क्रियापदाचे रूप बदलून सांगतात; जर्मनमध्ये ‘एर झाय क्रांक’. जर्मन रूप आज मुख्यतः वर्तमानपत्री आणि औपचारिक लेखनात दिसते, तर लात्वियन रूप बोलण्यातही येते.

शब्दक्रमाचे थोडक्यात सांगतो. जर्मन मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी आणि गौण वाक्यात शेवटी जाते. हा नियम काटेकोर आहे. लात्वियनमध्ये असा नियम नाही. विभक्ती नामावरच असल्यामुळे ‘तेव्स् रेद्झ् देलु’ आणि ‘देलु रेद्झ् तेव्स्’ या दोन्हींचा अर्थ ‘वडील मुलाला पाहतात’ हाच राहतो, फक्त जोर बदलतो.

सहावी पायरी: अंक आणि घड्याळ

एकवीस म्हणताना जर्मन आधी एक आणि मग वीस म्हणते, मराठीप्रमाणेच. लात्वियन ‘दिवदेस्मित् विएन्स्’ म्हणते, म्हणजे आधी वीस, मग एक. घड्याळाच्या बाबतीत मात्र लात्वियन आणि जर्मन यांचे एकमत आहे आणि मराठी माणसाची फसगत होऊ शकते: लात्वियन ‘पुस्देविञि’ आणि जर्मन ‘हाल्प नॉयन’ यांत नऊ आणि अर्धा हे दोन्ही शब्द असले, तरी वेळ साडेआठची असते. भेटीची वेळ ठरवताना सुरुवातीचे काही महिने आकडे लिहून घ्यावेत.

सातवी पायरी: समांतर मजकूर घेऊन बसा

युरोपीय संघाच्या कायद्यांचे ‘यूर-लेक्स’ हे सरकारी संकेतस्थळ एकच कायदा दोन-तीन भाषांत शेजारीशेजारी दाखवते. सरावासाठी मूलभूत हक्कांच्या सनदेचे पहिले कलम घ्यावे, कारण ते छोटे आहे आणि आतापर्यंतचे बहुतेक मुद्दे त्यात एकवटले आहेत. त्याचा अर्थ असा: मानवाची प्रतिष्ठा अभंग आहे, तिचा आदर आणि तिचे रक्षण केले पाहिजे. जर्मन पाठ आहे, ‘दी व्युर्डे देस मेन्शेन इस्ट उनआनटास्टबार. झी इस्ट त्सू आख्टन उंट त्सू श्युत्सन.’ लात्वियन पाठ आहे, ‘त्सिल्वेक त्सिएञ इर् नेअइझ्स्करम. ता इर् यारेस्पेक्ते उन् याअइझ्सर्गा.’

आता पेन्सिल घेऊन खुणा कराव्यात. लात्वियनमध्ये ‘मानवाची प्रतिष्ठा’ हाच क्रम आहे, जर्मनमध्ये ‘प्रतिष्ठा मानवाची’. जर्मनमध्ये दोन उपपदे आहेत, लात्वियनमध्ये एकही नाही. जर्मन नामे मोठ्या अक्षराने सुरू होतात, लात्वियन नाम, विशेषनामे सोडल्यास, वाक्याच्या आरंभी असेल तरच. दुसऱ्या वाक्यात जर्मन ‘इस्ट त्सू’ने जे सांगते ते लात्वियन ‘या’ या उपसर्गाने सांगते, आणि त्या दोन क्रियापदांच्या मधला ‘उन्’ पुन्हा जर्मनकडून आलेला. ‘अभंग’ या अर्थाच्या शब्दांची फोड करून पाहिली की दोन भाषांचा सहवास अगदी जवळून दिसतो: जर्मनमध्ये ‘उन’ नकाराचा, ‘आन’ उपसर्ग, ‘टास्ट’ म्हणजे चाचपणे, ‘बार’ म्हणजे होण्याजोगे, लात्वियनमध्ये ‘ने’ नकाराचा, ‘अइझ्’ उपसर्ग, ‘स्कर’ म्हणजे स्पर्श करणे, आणि ‘अम’ हा होण्याजोगे दाखवणारा प्रत्यय. घटक दोन्हीकडे वेगवेगळे आहेत, आणि तरी रचनेची चाल एकच आहे.

रोज एक कलम या गतीने पुढे जावे आणि प्रत्येक वेळी शब्द तिसऱ्या पायरीतल्या तीन रकान्यांत वाटून ठेवावेत. लात्वियन शब्दाचा अर्थ आणि रूपे ‘तेझाउर्स’ या ऑनलाइन कोशात मिळतात, जर्मनसाठी ‘डूडन’ पुरेसा आहे, आणि लात्वियन भाषा संस्थेचे अभ्याससाहित्यही इंटरनेटवर आहे. सनदेचे दुसरे कलम जगण्याच्या हक्काचे आहे. त्यात जर्मन माणसाकडे हक्क ‘असतो’ हे सांगायला ‘हाट’ वापरते आणि लात्वियन माणूस चतुर्थीत घालून ‘इर्’ म्हणते, म्हणजे आपण म्हणतो तसेच, ‘प्रत्येकाला हक्क आहे’. त्या चतुर्थीच्या रूपाखाली रेघ मारून पुढच्या कलमाकडे वळावे.